खालचं पाणी

"मिस्त्री, घोडी परत टेम्पोत टाका," कल्याणशेठ बांधावरून ओरडला. "सोडलेली मोटर कुनी वर काढतं व्हय?"

"मी काढतो," दानीएल म्हणाला आणि बोअरवर उभ्या केलेल्या तीन पायांच्या लोखंडी घोडीची साखळी ओढतच राहिला.

दानीएल साळवे आमच्या कर्जत तालुक्यातला मोटर मिस्त्री. सव्वीस वर्षं बोअरमध्ये मोटरी सोडण्यात गेली. आमच्याकडे या धंद्याचा एकच कायदा. पाणी आटलं की मोटर खाली सोडा, नाहीच भागलं तर अजून खाली. शेठ नगरच्या दुकानातल्या मोटरी आणि पाइप गुजरातेत खपवायचा; यंदा वेरावळजवळच्या खेड्यांत ते बसवायला त्यानं दानीएललाच नेलं.

पहिलं बोअर जीवीबेनचं. सत्तरीची एकटी बाई, नारळाच्या बागेवर जगणारी. मोटर साठ फुटांवर होती, पाणी कमी पडत होतं. दानीएलनं चार पाइप वाढवायला घेतले, तशी ती हात जोडून म्हणाली, "भाई, नीचे मत डालो. नीचे खारा है." दानीएल हसला. पाचशे फुटांवरून पाणी काढणाऱ्याला ही म्हातारी शहाणपण शिकवणार! पाणी धो धो आलं आणि गडी वर मिशीवर ताव मारून मोकळा झाला.

आठवडाभरानं रविवार आला. तो शहरात समुद्र बघायला गेला, जन्मात पहिल्यांदा. बंदरावर लाकडी होड्यांचे सांगाडे घरापेक्षा उंच उभे होते, वाळत घातलेल्या मासळीचा वास नाकात बसत होता. एवढं पाणी आणि घोटभर पिता येत नाही, याचाच त्याला संताप आला. मग तो जीवीबेनच्या गावाकडं पायीच निघाला. वाटेत बंद पडलेली बोअरं दिसली, शेंडे गळालेले नारळ दिसले, मातीवर मिठाचा पांढरा थर दिसला. एका शेतकऱ्यानं काठीनं मातीत दोन रेघा ओढून दाखवल्या. वर गोडं पाणी, खाली समुद्राचं. खालून ओढलं की खारं वर चढतं, आणि एकदा चढलं की चार-चार पावसाळे उतरत नाही.

तो तडक जीवीबेनच्या बागेत आला. नळीखाली ओंजळ धरली, पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. तेव्हाच त्यानं घोडी उभी केली होती.

"शेठ, तुमाला हे म्हाईत हुतं?"

"तीन वर्सं येतोय मी इकडं, न्हाई कसं? पन मोटर साठ फुटावर ऱ्हायली तर पाइप कुनाच्या गळ्यात घालायचे?"

"आन् मी त्या म्हातारीला हसलो!" दानीएलनं हातातला पाना जमिनीवर आपटला. नसता आपटला तर शेठच्या टाळक्यात बसला असता. "टेम्पो न्या, पगार ठिवा. घोडी माझ्या घामाची हाय, तिला हात लावाल तर बघा!"

शेठ शिव्या घालत निघून गेला. दिवस कलेपर्यंत दानीएलनं एकट्यानं चारही पाइप काढले, मोटर पुन्हा साठ फुटांवर टांगली आणि चालू केली. घटकाभर पाणी वाहू दिल्यावर जीवीबेननं बोट बुडवून जिभेला लावलं. अजून खारंच होतं. मग तिनं स्टार्टर बंद केला.

दानीएल मान खाली घालून उभा राहिला. आता बोल खायची त्याची तयारी होती.

"तुम्हारे गाँव में पानी कितने फूट पर?" तिनं विचारलं.

"पाचसौ. कभी उधर भी नहीं."

"अरेरे," ती हळहळली. "फिर तुमको कैसे मालूम होगा, बेटा?"

तिनं सांगितलं होतं. हात जोडून सांगितलं होतं. तिनं एक कानफटात ठेवून दिली असती तर तो सुटला असता. त्याला शेठचा आला नव्हता एवढा राग आता स्वतःचा आला.

त्यानं घोडीचे पाय मिटले आणि ती खांद्यावर घेतली. रस्त्यापलीकडच्या मळ्यात त्यानंच त्या आठवड्यात खाली सोडलेली दुसरी मोटर चालू होती. मिस्त्री येताना बघून तिथला मालक पाटात उभा राहून खुशीत हात हलवत होता.