डेझिडेर चोंकाबद्दल चार ओळी

“सूप गरम आहे, हे तुला ठाऊक होतं ना?” मी विओलाला विचारलं.

“सूप गरमच असतं,” ती म्हणाली.

एतेला मावशींना हसू फुटलं. डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी बांधलेली होती, तरी फुटलं. मंगळवारी शाळेच्या जेवणघरात सातवीतल्या विओलाने भरलेला ट्रे भिरकावला होता. नेम वर्गातल्या ल्युबिकावर होता, आणि मध्ये आल्या स्वयंपाकाच्या एतेला मावशी. घेवड्याचं सूप आमच्याकडे घट्ट करतात. ते अंगावर पडलं की ओघळत नाही, चिकटून बसतं.

आज गुरुवार. ग्रंथालयात आम्ही सहा जण गोल करून बसलो होतो: विओला, तिचा बाप डेझिडेर चोंका, ल्युबिका, एतेला मावशी, वर्गशिक्षक ब्लाझेय सर आणि मी, या शाळेची मुख्याध्यापिका झेल्मीरा ओंद्रुशोवा.

हा गोल मीच सहा वर्षांपूर्वी शाळेत आणला. त्याआधी आमच्याकडे सरळ हिशेब होता. भांडण झालं की वहीत शेरा, पालकांना बोलावणं, तीन दिवस घरी. तीन दिवसांनी मूल आणखी कडू होऊन परत यायचं. प्रेशोव्हच्या एका शिबिरात मी वेगळं शिकले. ज्याने केलं आणि ज्याला सोसावं लागलं, त्यांना त्यांच्या माणसांसकट एकत्र बसवायचं. मोजे रफू करायचं एक लाकडी अंडं हातोहात फिरवायचं. अंडं ज्याच्या हातात, त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. काय झालं, कुणाला लागलं, आणि आता ते कसं भरून काढायचं, एवढेच तीन प्रश्न. पहिल्या वर्षी शिक्षक त्याला ‘मोठ्या बाईंची शेकोटी’ म्हणायचे. मग मारामाऱ्या कमी झाल्या. बसथांब्यावर एकमेकांकडे पाठ करून उभे राहणारे पालक नमस्कार करू लागले. दुसऱ्या शाळांचे मुख्याध्यापक बघायला येऊ लागले, पेपरात माझा फोटो छापून आला. मी खूप मिरवले, हे आधीच सांगून टाकते.

अंडं विओलाच्या हातात होतं. ती ते तळव्यात दाबत होती.

“ही म्हणाली, तू पण खुळ्यांच्या शाळेत जाणार. तुझ्या बापासारखी. म्हणून फेकला.”

अंडं ल्युबिकाकडे गेलं. ती आधीच रडत होती. “मानसतज्ज्ञ बाई वर्गात येणार आहेत असं सर म्हणाले. आमच्या घरी म्हणतात की तिकडे पाठवायची मुलं निवडायलाच त्या येतात. मी नुसतं चिडवत होते.”

एतेला मावशी म्हणाल्या, “माझा हात बरा होईल गं. पण रोज चाळीस लिटरचं पातेलं उचलते मी, ते आता कोण उचलणार, ते बोला.”

मग अंडं डेझिडेरकडे आलं. तो थेट कामावरून आला होता. फरशा बसवतो तो, अंगणांतून, रस्त्यांवर. राहतो गावाबाहेरच्या रोमा वस्तीत; तिथल्या लोकांना गावात अजूनही जिप्सी म्हणून हिणवतात. विजारीवर दगडाची पांढरी पूड होती. विओला पहिलीत आल्यापासून ती कुणाची मुलगी, हे मला ठाऊक होतं. पालकसभेला नेहमी तिची आई यायची, आणि ते माझ्या पथ्यावर पडत होतं. या वर्षी आई झेक देशात कामाला गेली, म्हणून हा आला. दारातून आत येताना त्याने मला नमस्कार केला तेव्हा मी मनात म्हटलं होतं, याला काय आठवणार! सात-आठ वर्षांचं पोर होतं.

“मला या गोलाबिलातलं काही कळत नाही,” तो म्हणाला. “मावशी, तुमच्या हाताचं मला वाईट वाटतं. पोरीला मी घरी बोललोय. चुकलंच तिचं. पण ही दुसरी पोरगी काही खोटं बोलली नाही. मी तिकडच्याच शाळेत होतो. दुसरीतून उचलून नेलं मला. कुणी पाठवलं, ते इथं कुणाला ठाऊक आहे का?”

त्याने कुणाकडेही पाहिलं नाही. अंडं माझ्या हातात दिलं.

मला सवयीने शब्द सापडले. पेपरवाल्यांशी बोलताना माझा जो आवाज असतो, तोच लागला. “त्या काळी तशी पद्धतच होती,” मी म्हणाले. “वस्तीतून आलेल्या कितीतरी रोमा मुलांवर आम्ही शिक्षकांनी अन्याय केला. आम्हाला वाटायचं, त्यांच्या भल्याचंच आहे. आज आम्हाला त्याची जाणीव…”

विओलाने हात वर केला. अंडं माझ्याकडे असल्यामुळे ती बोलली नाही. तिने नुसतं भिंतीकडे बोट केलं. तिथे मुलांनी स्वतः रंगवलेला नियमांचा पुठ्ठा होता, आणि तिसरी ओळ होती: ‘आम्ही’ म्हणायचं नाही, ‘मी’ म्हणायचं.

“विओला!” ब्लाझेय सर दटावून म्हणाले.

“बरोबर आहे तिचं,” एतेला मावशी म्हणाल्या. “एरवी पोरांना सांगता ना, बाई.”

माझे कान तापले. सहा वर्षांत याच खुर्चीवर बसून मी कितीतरी मुलांना म्हटलं होतं, ‘घाई नाही, नीट आठव आणि सगळं सांग.’ तो गोड सूर मला आठवला आणि तिथून उठून जावंसं वाटलं. मी उठले नाही. धीर होता म्हणून नव्हे, सगळे बघत होते म्हणून.

“मी पाठवलं,” मी म्हणाले.

मग सांगितलं. १९९१ची फेब्रुवारी. मी सव्वीस वर्षांची होते, वर्गात चौतीस मुलं. डेझिडेरच्या घरी रोमा भाषा बोलत. शाळेत आला तेव्हा त्याला आमची भाषा येत नव्हती, ती त्याने एका हिवाळ्यात उचलली. एके दिवशी मी फळ्यावर अठ्ठेचाळीस अधिक सत्तावीस लिहिलं आणि खाली पासष्ट मांडलं. तो उभा राहिला. म्हणाला, ‘पंच्याहत्तर.’ मी म्हटलं, खाली बस. तो बसला नाही. ‘पंच्याहत्तर, बाई. तुम्ही हातचा विसरलात.’ वर्ग हसला. तेव्हाचे मुख्याध्यापक नेमके दारात उभे होते, तेही हसले.

“दोन आठवड्यांनी मंदबुद्धी मुलांच्या विशेष शाळेचे फॉर्म आले. प्रत्येक वर्गातून दोन नावं द्या, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं. कुठली, ते सांगितलं नव्हतं. मी शिक्षकांच्या खोलीत बसून लिहिलं. बस सुटायची होती म्हणून पाच मिनिटांत लिहिलं. चार ओळी होत्या. आकलन कमी. शिक्षकांचं ऐकत नाही. साधी बेरीज जमत नाही. विशेष शाळेत पाठवावं.”

ल्युबिकाचं रडणं थांबलं होतं.

“तिसरी ओळ खोटी आहे, हे लिहिताना मला ठाऊक होतं,” मी म्हणाले. “पहिल्या दोन लिहितानाही ठाऊक होतं, पण तिसरी लिहिताना जास्त.”

डेझिडेर गुडघ्यांवर हात टेकून बसला होता. तो म्हणाला, “साधी बेरीज.”

मी अंडं त्याच्यापुढे धरलं. त्याने घेतलं नाही. तसाच बोलला.

“माझ्या आईला वाटायचं, मीच काहीतरी केलं असणार. चोरी केली असेल, कुणाला मारलं असेल. उगाच कशाला कोण हाकलतंय? मरेपर्यंत विचारायची, काय केलंस रे तू, आता तरी सांग, मी रागावणार नाही. मी म्हणायचो, काही नाही केलं गं. तिला ते खोटं वाटायचं.” मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या सुरात, “बेरीज केली होती होय मी! मला तर आठवतही नव्हतं.”

विओला बापाकडे बघत होती. मला तिच्याकडे बघवेना. तरी सहा वर्षांच्या सवयीने तिसरा प्रश्न तोंडातून गेलाच, “हे भरून काढायला मी काय करू?” विचारताक्षणी मला लाज वाटली. जणू सांडलेलं सूपच होतं ते.

त्याने विचार केला. “कागदावर लिहून द्या,” तो म्हणाला. “तेव्हा कागदावर लिहिलं होतं ना? तसंच. ते खोटं होतं, असं. खाली शिक्का पाहिजे.”

बाकीचं लवकर मिटलं. मावशींचा हात बरा होईपर्यंत विओला आणि ल्युबिका दोघी मिळून पातेलं उचलतील, असं ठरलं. ‘दोघी मिळून’ ही अट मावशींनीच घातली. डेझिडेर त्यांच्या अंगणातली उखडलेली फरशी नीट करून देणार होता. तेवढं गोलाने केलं, आणि ते चांगलं केलं.

बाहेर व्हरांड्यात ब्लाझेय सरांनी मला गाठलं. “बाई, हे पोरांसमोर सांगायची गरज होती का? उद्या गावभर होईल. आता कुठला पालक तुमच्यापुढे येऊन बसेल?”

“नाही बसणार कदाचित,” मी म्हणाले.

“मग सहा वर्षांची मेहनत पाण्यात!”

खरं सांगायचं तर तीच भीती मला आत, गोलात बसल्या बसल्या वाटली होती, आणि डेझिडेरच्या आईचं ऐकत असतानाही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मी शिक्षण खात्याच्या ऑफिसात फोन केला. जुन्या कागदावर दुरुस्ती करता येईल का, म्हणून विचारलं. पलीकडचे गृहस्थ सज्जन होते, माझ्या गोलाचं कौतुक करणाऱ्यांपैकीच.

“जुनं दप्तर आता कोण उघडतंय? तोंडी माफी मागितलीत ना? झालं तर. कागद मात्र देऊ नका हं. एकाला दिलात की रांग लागेल.”

फोन ठेवला आणि मी त्या रांगेचाच विचार करत बसले. वर्षाला दोन नावं, अशी चार वर्षं मी ते फॉर्म भरले. म्हणजे आठ मुलं. एका पाठकोऱ्या कागदावर मी नावं लिहायला घेतली. सहा आठवली. एक मुलगी होती, तिचा लाल स्वेटर आठवला, नाव आठवेना. आठव्याचं काहीच आठवलं नाही, मुलगा की मुलगी तेसुद्धा. त्याच्याविषयीही मी चार ओळी लिहिल्या असतील, आकलन कमी वगैरे.

मग मी शाळेच्या छापील कागदावर डेझिडेरचं पत्र टाईप केलं आणि खाली सही-शिक्का केला.

तो सोमवारी मधल्या सुट्टीच्या जरा आधी आला. टोपी काढून टेबलासमोर बसला. मी कागद पुढे केला. त्याने खिशातून चष्मा काढला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि ओठ हलवत वाचायला लागला. तिकडच्या शाळेत वाचन फारसं शिकवतच नसत. पुठ्ठे कापायला आणि टोपल्या विणायला लावत. शब्दाशब्दाला तो थांबत होता, पुन्हा मागे जात होता.

“मी वाचून दाखवू का?” मला राहवलं नाही.

“नको,” तो म्हणाला. “मला वेळ आहे.”

घंटा झाली. व्हरांड्यातून मुलांचा लोंढा गेला, कुणीतरी माझ्या दारावर आदळलं आणि हसत पुढे पळालं. त्याचं बोट तिसऱ्या ओळीवर थांबलं होतं.

“हे बदलायचं,” तो म्हणाला. “इथं लिहिलंय, साधी बेरीज येत होती.”

“मग?”

“चांगली येत होती.”

मी नवा कागद घातला, पत्र पुन्हा टाईप केलं, पुन्हा सही केली, शिक्का मारला. शाई ओली होती, म्हणून फुंकर घालून त्याच्यापुढे ठेवलं. मला वाटलं, आता घडी घालून खिशात ठेवेल आणि जाईल. निदान मला तसं हवं होतं.

त्याने खुर्ची टेबलाजवळ ओढली, चष्मा पुसला, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून, स्वतःच्या नावाखाली बोट ठेवून, वाचायला सुरुवात केली.