रुखमाबाईच्या प्रचाराची आरोळी

आजवरच्या तमाम लढाया तलवारीनं नव्हे, आरोळीनं जिंकल्या गेल्या, असं जागेश्वरनं छाती पुढं काढून जाहीर केलं. ऐकायला त्याची बायको रुखमा होती, ती धान पाखडत होती. आणि एक कोंबडी होती, तिचं सगळं लक्ष सुपाकडं होतं.

मागच्या ग्रामपंचायतीला जागेश्वर स्वतः उभा होता. ‘सर्वांगीण विकासाची नवपहाट’ ही त्याची घोषणा कुणाच्या तोंडात बसेना. मिरवणुकीत घरचेच लोक होते, तेही जेवायच्या वेळेला पांगले. यंदा सरपंचपद बायांसाठी राखीव झालं, रुखमा उभी राहिली, आणि पुन्हा रिकामी मिरवणूक निघाली तर जागेश्वरला गावात तोंड दाखवायची सोय नव्हती.

“आरोळीले अर्थ नसला तरी चालते,” तो म्हणाला. “ते डोक्यात नाही, पायात घुसली पाहिजे.”

विचार करता करता त्याला शंकरपट आठवला. बैलांच्या त्या शर्यतीत जोडी सुटली की अख्खं मैदान ‘सुटली रे सुटली!’ ओरडतं आणि म्हातारेकोतारेही उठून धावतात. झालं, आरोळी ठरली. मिरवणुकीला शोभा यावी म्हणून त्यानं गावातल्या चिंधूची पटाची जोडी छकड्यासकट मागून आणली. चिंधूनं सहज विचारलं, घोषणा काय देणार आहात? जागेश्वरनं सांगितलं नाही. युद्धात अशा गोष्टी आधी फोडत नसतात.

हार घालून, हात जोडून रुखमा छकड्यावर उभी राहिली. जागेश्वरनं भोंगा उचलला आणि बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली.

आरोळी पायात घुसली. आठ पायांत.

रुखमानं जोडलेले हात सोडून दांडी धरली. पाराजवळ विरोधी उमेदवार चंद्रकांताबाईंची सभा चालली होती. छकडा सभेच्या मधोमधून निघून गेला. सभेतली माणसं सवयीनं ‘सुटली रे’ करत मागं धावली. त्यात चंद्रकांताबाईंचा नवराही होता, आणि सगळ्यात पुढं होता.

जोडी थांबली ती थेट पटाच्या मैदानाच्या टोकाला, जिथं तिला दरवर्षी गूळ मिळतो. जागेश्वर धापा टाकत पोचला तर अख्खं गाव तिथं उभं. एवढी सभा त्यानं जन्मात पाहिली नव्हती. भोंगा रुखमाच्या हाती देत तो कुजबुजला, “बोल आता. इतिहास होऊन राहिला.”

बैल गुळाची वाट बघत होते. रुखमानं पदर सारखा केला, भोंगा तोंडाशी नेला.

“माही एक चप्पल पाराजवळ पडली जी. तिकडं कोणी जाऊन राहिलं असन, तं घेऊन या.”