सुगंधाबाईंची सही

मिरजेवर वैशाख पेटला होता. ज्वालावर्ण, निर्दय, जिभल्या चाटणारा वैशाख. इस्पितळाच्या आवारात गुलमोहर रक्तफुलांनी लवला होता, आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी सुगंधाबाई मगदूम तितक्याच लाल रागानं बसल्या होत्या.

आठ दिवस त्यांचे शब्द हरवले होते. एकतीस वर्षं शाळेत कविता शिकवणाऱ्या बाईंना पाण्याला पाणी म्हणता येईना. जीभ जड, उजवा हात लुळा. शब्द गेले म्हणजे समजही गेली, असं घरच्यांनी धरलं. कळत होतं हो, बाईंना सगळं कळत होतं. उशाशी उभं राहून नवरा, भूपालराव, डॉक्टरांना म्हणाला, "हिला काही सांगू नका. साधी गाठ म्हणा." मुलानं हो ला हो मिळवलं. शस्त्रक्रियेच्या कागदावर भूपालरावांनी परस्पर सहीसुद्धा ठोकली. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेच मस्तक परवा उघडायचं होतं.

मग औषधानं मेंदूची सूज ओसरली. सोनसळी, संथ सकाळी शब्द परतले. अडखळत, एकेक करून परतले.

"कागद आणा," बाई म्हणाल्या. "डोकं माझं आहे. आधी मला सांगा."

"अगं, तुला त्रास नको म्हणून..." भूपालराव म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा." चाळीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच.

डॉक्टर कुरणेबाई स्टूल ओढून बसल्या. "फुप्फुसातला कॅन्सर डोक्यात उतरलाय. गाठ एकच आहे, वरवर आहे, काढता येईल. मग तिथं किरणांचा उपचार. हात, बोलणं टिकवता येईल. आजार मात्र राहणार. वर्ष, दीड वर्ष. काहींना जास्त मिळतं. नाही काढली तर थोडे महिने, आणि बोलणं आधी जाईल."

बाई रडल्या नाहीत. एक वर्ष. आणि त्यातलेही आठ दिवस या माणसांनी मायेच्या नावाखाली लुबाडले. कसली मेली माया, निव्वळ भित्रेपणा तो.

"काढा गाठ," त्या म्हणाल्या. नवऱ्याच्या सहीवर त्यांनी आडवी रेघ ओढली आणि खाली, नुकत्याच हलू लागलेल्या, हट्टी उजव्या हातानं स्वतःचं नाव लिहिलं. सुगंधा. जरा थांबल्या. मगदूम.

भूपालरावांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. मधलं नाव विसरली असेल, असं त्यांना फार वाटून घ्यायचं होतं. पण बाई त्यांच्याकडेच बघत होत्या. ताठ, लालबुंद, निश्चल. नाव त्यांना चांगलं आठवत होतं.