घट्ट पेडल

अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या चढावर राहणाऱ्या हिल्मा नीमीचा नवरा जाऊन सहा महिने झाले होते. त्या मार्चमध्ये तिच्या गाडीचं ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट झालं. दोन्ही पाय रोवून दाबावं, तेव्हा कुठे गाडी थांबायची.

धाकटा दीर ऑर्विल आला. त्यानं पेडल दाबून पाहिलं आणि किल्ली सरळ खिशात टाकली.

"वहिनी, गाडी मी नेतो. या उतारावर तुम्हाला झेपायची नाही."

"किल्ली टेबलावर ठेव."

"अहो, पण ब्रेक..."

"ब्रेकचं मी बघते. किल्ली ठेव."

त्यानं ठेवली, पण शेडच्या दारात खुर्ची टाकून गंमत बघत बसला.

हिल्मानं गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक उघडलं. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल दाबलं, पाय तसाच दाबून धरला आणि इंजिन सुरू केलं. पेडल किंचित खाली जायला हवं होतं. ते हललंच नाही. ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याला इंजिनाकडून हवेची ओढ मिळत नव्हती.

"डबाच गेलाय वहिनी. भंगारात द्या."

हिल्मानं डब्याकडे जाणारा रबरी पाइप चाचपला. वळणावर, खालून, तो चिरला होता. फुसफुस ऐकू येत होती.

"पाइप गेलाय. कान शाबूत असतील तर ये इकडे."

तो उठला नाही. ती बसनं जाऊन नवा पाइप घेऊन आली, पेट्रोलचा नव्हे, याच कामाचा. बसवून पुन्हा पाहिलं, तर पेडल पायाखाली अलगद दबलं. पण आता ते फारच खोल जात होतं. मग पुढच्या चाकांना ठोकळे लावून तिनं जॅकनं मागची बाजू उचलली, लोखंडी घोडीवर टेकवली आणि ब्रेकचे पट्टे ड्रमच्या जवळ यावेत म्हणून मागच्या चाकांच्या ब्रेक-ड्रमच्या फटीतून स्क्रू-ड्रायव्हरनं आतलं छोटं दातेरी चाक फिरवत गेली. चाक घासायला लागलं की थोडं मागे, मोकळं फिरेपर्यंत. डावं चाक दोनदा करावं लागलं. कोपरापर्यंत हात काळे झाले.

आधी अंगणात, मग सपाट गल्लीत तिनं दहादा गाडी थांबवून पाहिली.

"बस आत," ती ऑर्विलला म्हणाली.

उतारावर त्यानं दरवाजाची मूठ गच्च धरली. खालच्या चौकात तिनं पाय नुसता टेकवला आणि गाडी थांबायच्या पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे शांत उभी राहिली.

"दादा अशीच थांबवायचा," तो पुटपुटला.

"तुझ्या दादाला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. गॅरेजवाल्याच्या पाया पडायचा."

ऑर्विलनं दरवाजाची मूठ सोडली. "माझ्या ट्रकचंही पेडल जड लागतंय हल्ली."

"पुस्तक घेऊन ये. वाचून मी दाखवीन, ट्रकखाली तू शिरायचंस."