एक्केचाळीस दिवस चालू

कॉम्प्युटरवरचा मोहरीएवढा हिरवा दिवा आजही जळत होता, आणि तो बघताच त्या निवृत्त ग्रंथपालांना ते पत्र आठवलं – आठ महिन्यांपूर्वीचं, उत्तर न दिलेलं, आता पाठ झालेलं. ‘तुमच्या सूचीत माझ्या वडिलांच्या एकुलत्या एका कथेचं नाव आहे. ते अंथरुणाला खिळलेत. रोज पाच वाजता मला ते नाव दाखवायला सांगतात. पण बरेचदा तुमची साइट बंद असते, मग त्यांना वाटतं, नाव काढून टाकलं. ती चालू राहील का, एवढं कळवाल?’

एवढंच कळवायचं होतं.

ग्रंथालयात छत्तीस वर्षं त्यांनी एक नियम पाळला – पुस्तक हातात आल्याशिवाय कार्ड लिहायचं नाही. निवृत्तीनंतर बंद पडलेल्या मासिकांची सूची केली, तीही तशीच. एकेक अंक डोळ्यांखालून घालून. सूची लोकांना दिसायची ती घरातल्याच जुन्या कॉम्प्युटरवरून, आणि तो दर दोन-तीन दिवसांनी मान टाकायचा. सकाळी उठून बटण दाबायचं, की पुन्हा सुरू... असल्याच्या जिवावर परक्या बाईला शब्द कसा द्यायचा? आधी ऑपरेटिंग सिस्टीम बदलू, वर्षानुवर्षं न थांबणारी घालू, मग लिहू.

धीर व्हायलाच सहा महिने गेले. मग एकदा सिस्टीमचं माहितीपुस्तक उघडं ठेवून, समासात पेन्सिलीने खुणा करत, डिस्क पुसली आणि नवी सिस्टीम घातली. सूची आधीच उतरवून घेतली होती, दोनदा ताडून. उतरवायची राहिली ती कॉम्प्युटर आपली आपण ठेवतो ती नोंद – कोण कधी आलं, काय पाहून गेलं. ती पुसली गेली. सूचीकाराच्या हातून नोंद पुसली जावी... आणि दुसऱ्या कोणाच्या ते लक्षातही येऊ नये.

“बाबा, पेशंट कसा आहे?” सून दारातून म्हणाली. बॅग खांद्यावर, एक चप्पल पायात.

“चालू आहे. एक्केचाळीस दिवस.”

“मग चेहरा का असा? बटण दाबायला मिळत नाही म्हणून करमत नाहीये तुम्हाला.”

“तसं नाही गं.”

“तसंच आहे. जेवून घ्या, वाट नका बघू.”

ती गेली. बरं वाटायला हवं होतं; वाटत नव्हतं. वाईटही नाही – दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल परका लागतो, तसं काहीसं. त्यांनी नवी नोंद उघडली. एक्केचाळीस दिवस, त्या कथेचं पान, पाच वाजता – कोणी नाही. ती येईनाशी झाली कधी? कंटाळून थांबली, की दाखवायला माणूसच उरलं नाही... की अगदी शेवटच्या दिवशीही बंद होतं, आणि ते, नाव काढलं असंच समजून... हे सांगणारी नोंद तर मीच पुसली. मी खात्रीची वाट पाहत होतो, आणि तिकडे एक आजारी माणूस माझी.

पहिला मसुदा नव्या सिस्टीमवर दीड पान, फाडला. दुसऱ्यात माफीच माफी; तोही. शेवटी चार ओळी राहिल्या. ‘सूची आता बंद पडत नाही. नाव कधीच काढलं नव्हतं. उत्तराला उशीर झाला, तो माझ्यामुळे.’ आणि ‘वडिलांना नमस्कार सांगा’ – हे लिहावं की नाही, यात चहा गार झाला. मग लिहिलं. खात्री नसलेलं असं काही आपण याआधी लिहिल्याचं त्यांना आठवेना.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट सोडलं. ते तळाशी आपटल्याचा आवाज आला, आणि हात फटीतच राहिला. आता काढता येणार नाही. चुकलं असलं तर चुकलेलंच पोचेल, कोणीतरी उभ्याउभ्या वाचेल... छातीत धडधडलं. भीतीच ती. कितीतरी दिवसांनी काहीतरी जाणवत होतं, आणि ते इतक्यात जावं असं त्यांना वाटेना.