परिचारिका व्यस्त

घड्याळ सिस्टरांचं पत्र मला आलं त्याला परवा तेवीस महिने झाले. दीड पानाचं पत्र, गोल अक्षर, आणि शेवटी एकच विनंती: काका, त्या दिवशी कप्पा नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत बंद होता, एवढं एक वाक्य लिहून द्या. एका वाक्याला मला तेवीस महिने पुरले नाहीत. मसुदे सात झाले. सातवा अकरा पानांचा होता आणि त्यात ते वाक्य नव्हतं.

मी इस्पितळात औषधकार होतो. तीसेक वर्षं खिडकीमागे बसून गोळ्या दिल्या. सिस्टर यायच्या, अमुक आजी आखडल्यात म्हणायच्या, मी पुडी सरकवायचो. चुकाही व्हायच्या. सारख्या नावाच्या दोन बाटल्या शेजारी असल्या की घाईत हात भलतीवर जातो. माझा दोनदा गेला. दोन्ही वेळा घड्याळ सिस्टरांनीच पुडी परत आणून दिली आणि चारचौघांत ब्र काढला नाही. वॉर्डात कुणाला वेळ विचारायची झाली तर घड्याळाकडे न बघता त्यांच्याकडे बघत, म्हणून ते नाव.

त्यामुळे प्रत्येक वॉर्डात औषधांचं यांत्रिक कपाट आलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. बोट टेकवायचं, रुग्णाचं नाव निवडायचं, की नेमका तेवढाच कप्पा उघडणार. मात्र त्याआधी तळमजल्यावर मी संगणकावर डॉक्टरांची सूचना वाचून 'तपासले' हे बटण दाबायचं. तोवर कप्पा बंद. सिस्टरांनी त्या कपाटाचं नाव ठेवलं जावईबापू. त्याला गार हवा लागे, त्याच्यापुढे आवाज चढवून चालत नसे, आणि इतकं करूनही तो कधी रुसेल याचा नेम नसे.

चुका मात्र खरंच कमी झाल्या. पहिल्याच वर्षी एका बाळाच्या औषधात दशांश चिन्ह एक घर सरकलेलं होतं, ते मी पकडलं. मोठ्या साहेबांनी भर सभेत माझं कौतुक केलं. ते मला बाधलं. त्या दिवसापासून मी प्रत्येक सूचना तीनदा तपासू लागलो.

गोळी उशिरा काढली की जावईबापू कारण विचारी. पडद्यावर चार पर्याय असत: रुग्ण झोपलेला, रुग्ण जागेवर नाही, परिचारिका व्यस्त, इतर. औषधकाराला शंका आली, असा पर्याय नव्हता. 'इतर' दाबलं तर किमान पन्नास अक्षरांचा खुलासा लिहावा लागे, आणि तो पुरा होईपर्यंत कप्पा उघडत नसे. म्हणून सगळ्या जणी डोळे झाकून तिसरा पर्याय दाबत. कपाटाच्या नोंदीप्रमाणे आमच्या इस्पितळात रुग्ण कधी झोपत नसत आणि सिस्टर कधी मोकळ्या नसत. हा किस्सा मी घरी सांगितला तेव्हा ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. पुढचा भाग मी सांगितला नव्हता.

चौदा नंबरच्या खाटेवर चित्रकलेच्या निवृत्त बाई होत्या. त्यांना कंपवात होता. गोळी वेळेवर मिळाली तर स्वतःच्या पायांनी खिडकीपर्यंत जात. उशीर झाला की लाकूड. सकाळी आठची ती गोळी डॉक्टरांनी आदल्या दिवशी एकाची दीड केली होती. मला शंका आली. पुस्तक काढलं. पुस्तकात दीड बरोबर होती. मग पुस्तकाबद्दल शंका आली, म्हणून दुसरं काढलं. तेवढ्यात वरून फोन वाजला. तीनदा वाजला. कुणाचा ते मला माहीत होतं. उचलला असता तर मला खात्री नाही असं म्हणावं लागलं असतं, आणि ते मला कधीच जमलेलं नाही. डॉक्टरांना विचारायचा धीर तर त्याहून कमी.

नऊ दहाला मी बटण दाबलं. तोवर बाई उठायला गेल्या होत्या, पाऊल उचललं गेलं नव्हतं, आणि खुबा मोडला होता. त्यांना उचलून खाटेवर घेतल्यावर घड्याळ सिस्टर धावत कपाटाशी आल्या. कपाटाने कारण विचारलं. सवयीने बोट तिसऱ्या पर्यायावर गेलं.

चौकशी बसली तेव्हा मला निवृत्त होऊन आठ दिवस झाले होते. माझ्या बटणाची वेळ तळमजल्याच्या संगणकावर तीस दिवसच राहत असे. ती पुसली गेली होती. कपाटाची नोंद मात्र शाबूत होती. आठची गोळी नऊ बाराला, कारण परिचारिका व्यस्त, आणि खाली त्यांच्याच बोटाचा ठसा. मला कुणी बोलावलं नाही. मीही गेलो नाही. घड्याळ सिस्टरांना वॉर्डातून काढून चादरींच्या कोठारात पाठवलं. निकालापासून दोन वर्षांच्या आत नवा पुरावा मिळाला तर तो बदलू शकतो, असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं.

आता मुदतीला नऊ दिवस उरले आहेत.

हिच्या हृदयाच्या गोळ्या मीच डबीत भरतो. आज सकाळी आठची गोळी हातात पडायला पावणेनऊ झाले, कारण मी तिसऱ्यांदा तपासत होतो. हिने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "कारण काय लिहू? परिचारिका व्यस्त?"

मला हसू आलं नाही. मग उरलेलं सगळं सांगितलं, फोनसकट. ही गोळी तशीच हातात धरून ऐकत होती.

"म्हणजे त्या माउलीने तुमच्या दोन चुका पोटात घातल्या," ती म्हणाली, "आणि तुम्ही तुमची तिसरी तिच्या पदरात टाकलीत."

मी अकरा पानी मसुदा पुढे केला. तिने तो उघडलासुद्धा नाही.

"हा खुलासा झाला. तिने वाक्य मागितलंय."

"त्यात काही राहून गेलं तर?"

"तेवीस महिने तेच राहून गेलंय. लिहा."

मी लिहिलं: कप्पा नऊ दहापर्यंत बंद होता, कारण मी तपासत होतो. खाली सही केली. मग सहीच्या खाली, त्यांनी न मागितलेलं आणखी एक वाक्य: तुमचे तिन्ही फोन मी ऐकले होते. तेही वाचून हिने गोळी गिळली आणि पाकीट स्वतः चिकटवलं, म्हणजे मला ते पुन्हा उघडता येऊ नये.

पोस्टात रांग नव्हती. कारकुनाने रजिस्टरची पावती दिली. मी ती तपासली. शिक्क्यावर कालची तारीख होती. आयुष्यात पहिल्यांदा नोंदीत मी वेळेच्या आधी होतो.

"तारीख चुकलीय," मी म्हणालो.

"एका दिवसाने काय बिघडतं, काका?"

"बिघडतं," मी म्हणालो. "एका तासानेसुद्धा बिघडतं."

त्याने कुरकुरत तारीख फिरवली, पावतीवर आणि पाकिटावर आजचा शिक्का मारला, आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.