एका कान्यासाठी

मी एक जुना मराठी टाइपरायटर आहे. 'जुना' म्हणालात तर राग नाही. 'भंगार' म्हणालात तर मात्र घंटा वाजवून दाखवीन. ओळ संपत आली की वाजणारी माझी घंटा अजून शाबूत आहे आणि सोलापूरच्या आमच्या बोळात तिचा आवाज शेजारच्या चंद्रव्वाच्या चुलीपर्यंत जातो.

मित्रांनो, हकीकत ऐकण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. 'आले' हा शब्द उमटवायचा तर माझ्यावर आ, ल आणि मात्रा दाबावी लागते. 'आलो' हवे असेल तर त्यात एक काना जास्त. फरक एवढाच, एका उभ्या रेघेचा. त्या रेघेसाठी आमच्या घरात जे भांडण झाले, ते मला तुम्हाला सांगायचे आहे. तडजोड मी त्या वेळीही केली नाही आणि आजही करणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे माझ्या कळांवर देवनागरी अक्षरे बसवली, तेल दिले आणि मला पेटीत घालून सोलापूरला पाठवले. इथे बसलिंगप्पांनी मला घेतले. ते कोर्टासमोर लिंबाच्या झाडाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करत. दिवसभर माझ्या अंगावर 'सदरहू', 'उपरोक्त', 'प्रतिज्ञापूर्वक' असले शब्द आपटत. जमिनीचे वाद, भाडेकरूंचे वाद, भावाभावांचे वाद. लोक बसलिंगप्पांच्या वेगाचे कौतुक करत. माझ्या अक्षराबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे.

सुट्टीच्या दिवशी ते मला चादरीत गुंडाळून सायकलवर घरी आणत. घरी त्यांची बायको राजेश्वरी होती. सारा बोळ तिला आक्का म्हणतो, मीही तेच म्हणतो. वाचनालयातल्या सगळ्या ऐतिहासिक कादंबऱ्या आक्काने वाचून संपवल्या होत्या आणि तिचा त्यांच्यावर एक राग होता.

"सरदार हाय, तलवार हाय, चांदणं हाय," ती एकदा म्हणाली, "पण ह्या बायका जेवतात कवा? पिरेम करायच्या आदी पोटात कायतरी पायजे की!"

"मग तूच लिव्ह की," बसलिंगप्पा म्हणाले.

पहिल्या दिवशी आक्का सांगत होती आणि ते टाइप करत होते. पण बोटांना कोर्टाची सवय. कागद बाहेर काढला तर त्यावर उमटले होते, 'नायकाने सदरहू नायिकेचा हात उपरोक्त हातात घेतला.' आक्का डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिने नवऱ्याला उठवले, स्वतः माझ्यासमोर बसली आणि एकेक अक्षर शोधत टाइप करायला शिकली. त्या दिवसापासून मी आठवडाभर भांडणे लिहू लागलो आणि सुट्टीला प्रेम. कुठले काम मला आवडत होते, ते सांगायला हवे का?

कादंबरी लिहिणे म्हणजे काय, हे मी जवळून पाहिले आहे. आक्का आधी शहरातल्या किल्ल्यात जाऊन यायची. दरवाजापासून खंदकापर्यंत हाक ऐकू येते का, हे पाहायला चंद्रव्वाला एका टोकाला उभे करून दुसऱ्या टोकाहून ओरडायची. लोक वळून बघत, तिला त्याचे काही नसे. एका नायिकेने थकलेल्या स्वाराला चहा दिला, तेव्हा तिला आठवले की त्या काळी इकडे चहा कुठला? मग चहावर फुल्या मारल्या आणि त्याला ताक दिले. संवाद आधी मोठ्याने म्हणायचा, मग टाइप करायचा. भिंतीपलीकडून चंद्रव्वा ओरडायची, "आक्का, असं कोन बोलतंय गं?" मग तो संवाद जायचा. तिचा एक नियम होता. दोघे भेटण्याआधी वाचकाला त्यांची ओढ कळली पाहिजे, आणि भेटल्यावर लेखिकेने उठून कांदा चिरायला जायचे. पुढचे वाचक बघून घेतात.

पहिली कादंबरी पुण्यात छापायला गेली. तिची नायिका सोलापूरची होती आणि माझ्या कागदावर ती 'मी येतो', 'मी जातो' म्हणत होती. आता तुम्ही हसाल. पण आमच्याकडे, अक्कलकोटच्या बाजूच्या कानडी-मराठी घरांत, बायका असेच बोलतात. कानडीत 'मी' म्हणून बोलताना बाईचे क्रियापद वेगळे आणि पुरुषाचे वेगळे असे नसते. तीच सवय मराठीत उतरली आहे. आक्काही तशीच बोलते. पुस्तक छापून आले तेव्हा मात्र नायिका पहिल्या पानापासून 'मी येते' म्हणत होती. वर सत्कार समारंभात प्रकाशकांनी भाषणातच सांगितले, "बाईंची लेखणी झकास, फक्त स्त्रीलिंग-पुल्लिंगाचं जमत नाही. ते आम्ही सुधारून घेतलं." सभागृह हसले. आक्काही मान खाली घालून हसली. घरी येऊन बसलिंगप्पांनी हे चंद्रव्वाला रागारागाने सांगितले.

त्यानंतर तिची प्रत्येक नायिका 'येते' म्हणू लागली. माझ्यावर 'मी येते' उमटवायचे आणि उठता उठता चंद्रव्वाला हाक मारायची, "थांब गं, मी येतो!" मित्रांनो, मला याचा संताप यायचा. आपल्याच पोरींना परक्यासारखे बोलायला लावायचे, आणि तेही माझ्या तोंडून!

पुस्तके मात्र धडाधड खपली. आमच्या शहरात विड्या वळणाऱ्या बायका घोळक्याने बसतात. त्यांच्यातली एक आक्काची कादंबरी मोठ्याने वाचायची आणि बाकीच्या हात न थांबवता ऐकायच्या. प्रेमाचा प्रसंग आला की हात आपोआप थांबत. एका विद्वानांनी म्हटले की ही पुस्तके दुपारच्या झोपेआधी वाचायची. आक्का म्हणाली, "मग वाचून त्यांना झोप का लागंना?"

पुढे दिवस फिरले. कोर्टासमोर संगणक आले. बसलिंगप्पा वारले. वाचनालये एकेक करून बंद पडली आणि मी माळ्यावर गेलो. माझ्या अंगावर धूळ बसली, रिबन वाळून गेली आणि पाली माझ्यावरून खुशाल फिरू लागल्या. पालींचा राग नाही. पण भंगारवाला बोळात ओरडला की घरातले कुणीतरी वर बघायचे, त्याचा आहे.

मग अलीकडे एका सकाळी आक्काने स्वतः स्टूल लावून मला खाली काढले. तिची नजर आता अधू झाली आहे, गुडघे कुरकुरतात. चंद्रव्वाने ओल्या फडक्याने मला पुसले.

"आता ह्या वयात कशाला लिवतीस?" चंद्रव्वाने विचारले.

"एक पोरगी राहिली हाय," आक्का म्हणाली. "डोळं जायच्या आदी तिला लिवतो. ती माझ्यासारखी बोलनार हाय."

त्या पोरीचे नाव मल्लव्वा. घोंगडी विणणाऱ्या घरातली. किल्ल्याला वेढा पडलेला, आत बुरुजावर तिचा दौलत पहाऱ्याला, आणि वेशीबाहेरच्या कुणाही बाईला आत सोडायचे नाही असा हुकूम. मल्लव्वा अंधार पडल्यावर डोक्यावरून घोंगडी घेऊन, वेढा चुकवत दरवाजापाशी येते. पहारेकरी विचारतो, कोण आहे? धुराने बसलेल्या आवाजात ती नेहमीसारखी म्हणते, "मी आलो." पहारेकऱ्याला वाटते, आपलाच कुणी गडी. तो मोठ्या दरवाजातली लहान दिंडी उघडतो. आणि वर बुरुजावर दौलत ताडकन उभा राहतो, कारण असे 'मी आलो' म्हणणारी त्याच्या आयुष्यात एकच आहे.

हे पान टाइप करताना आक्काने काना इतक्या जोरात दाबला की कागदाला भोक पडायचे बाकी होते. मला फार बरे वाटले.

कादंबरी पुण्याला गेली. काही महिन्यांनी प्रकाशनाकडून एक मुलगी छापायची पाने घेऊन स्वतः घरी आली. सिद्धी तिचे नाव. वागायला नम्र, बोलणे अगदी स्वच्छ. चंद्रव्वा शेंगा फोडत बसली होती.

"मॅडम, कादंबरी आम्हा सगळ्यांना फार आवडली," सिद्धी म्हणाली. "फक्त व्याकरणाची थोडी दुरुस्ती केली आहे. मल्लव्वा सगळीकडे पुरुषासारखी बोलत होती. टायपिंगमध्ये राहून गेलं असेल."

टायपिंगमध्ये! म्हणजे माझ्याकडून! मला दात असते तर मी ते खाल्ले असते.

आक्काने भिंग लावून दरवाजाचे पान शोधले. "पहारेकरी इचारतो, कोन हाय. ही म्हनती, मी आले. आन् त्यो दार उगडतो. का उगडतो गं?"

"अंधारात त्याला दिसलं नसेल."

"दिसलं न्हाय. पन ऐकू आलं की."

"बहिरा हुता काय त्यो?" चंद्रव्वा म्हणाली.

सिद्धीने पान ओढून घेतले, वाचले आणि तिचे कान लाल झाले. "खरंच की. चुकलं माझं. तेवढ्या एका ठिकाणी 'आलो' ठेवू. ती मुद्दाम पुरुषाचं सोंग घेते, असं दाखवू."

"सोंग न्हाय ते!" आक्काने भिंग खाली ठेवले. "ती तशीच बोलती. सोंग असतं तर दौलतला कशी कळली असती?"

"मग खाली एक टीप देऊ."

"टीप बी नको. दौलतला टीप लागली न्हवती."

सिद्धीने पाने सारखी करून ठेवली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, मालक ऐकणार नाहीत. लोक हसतील म्हणतात. अशानं पुस्तक अडकून राहील."

आक्काने माझ्यावर हात ठेवला. हे तिचे शेवटचे पुस्तक आहे, हे तिला माहीत होते आणि मलाही. मान डोलावली असती तर महिन्याभरात ते दुकानात दिसले असते.

"अडकू दे," ती म्हणाली. "आजपत्तुर माझ्या सगळ्या पोरींची जीभ कापून दिली मी. हिची न्हाय देत. पुस्तक परत दे, मी घरात ठिवतो."

तिने सगळी पाने ओढून मांडीवर घेतली. तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. गडबडीत तिने तो कानाला लावला.

"हां अव्वा, पोचलो की. न्हाय, अजून जेवलो न्हाय. काम झालं की येतो."

फोन ठेवला आणि तिच्या लक्षात आले. चंद्रव्वाच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

"कुटली गं तू?" चंद्रव्वाने विचारले.

"अक्कलकोटजवळची," ती म्हणाली. "नाव सिद्धेश्वरी. पुण्यात सिद्धी करून टाकलं." तिने मोबाईल पालथा ठेवला. "होस्टेलवर पहिल्या दिवशी 'मी येतो' म्हणालो, तर सगळ्या मुली हसल्या. नंतर आरशासमोर उभं राहून 'मी येते, मी येते' घोकलं. तुमच्या मल्लव्वाला दुरुस्त करताना मला वाटलं, हिला तरी कुणी हसू नये."

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण तेव्हा माझी एकही कळ हलली असती असे मला वाटत नाही. आक्काला आता दोन शब्द सुनावता आले असते.

"चंद्रव्वा," ती म्हणाली, "भाकरी वाढ. पोरगी जेवली न्हाय."

कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही खाऊन सिद्धेश्वरी माझ्यासमोर येऊन बसली. तिने कागद लावला. दरवाजाचे पान पुन्हा पहिल्यापासून टाइप करू लागली. माझ्यासारख्या यंत्राची तिला सवय नव्हती, बोटे दोन कळांच्या मध्ये घसरत होती. 'मी आलो' आले तेव्हा ती थांबली. मग तिने काना दाबला. माझ्या अंगावरची सगळ्यात झिजलेली कळ ती, तरी खणखणीत उमटली.

मालकांशी ती कशी भांडली, ते मला ठाऊक नाही. पुण्याचे भांडण पुण्यात झाले. इथे आक्का रोज पोस्टमनची वाट बघायची आणि बघत नाही असे दाखवायची. चंद्रव्वाने दोनदा म्हणून पाहिले, "आक्का, एका कान्यासाठी एवढं नको ताणायला हुतं." आक्का उठून दारापर्यंत जाऊन आली. तिच्या वतीने मी घंटा वाजवली असती, पण कागद धरणारा माझा गाडा कुणी सरकवला नाही.

मग एका दुपारी दार वाजले. आक्काला हल्ली दारातला माणूस ओळखू येत नाही. तिने आतूनच विचारले, "कोन हाय?"

बाहेरून आवाज आला, "मी आलो."

आक्का ताडकन उठली. गुडघे, काठी, काही आठवले नाही तिला. दारात सिद्धेश्वरी उभी होती आणि तिच्या हातात पुस्तक होते. दरवाजाच्या पानावर काना होता. पानाखाली टीप नव्हती.

मित्रांनो, आता माझे मागणे ऐका. मला माळ्यावर टाकू नका. टाकलेच तर वर फडके घाला. रिबन बदला, तेल द्या, स्प्रिंग सैल झाली असेल तर ती खुशाल दुरुस्त करा. पण घरात जसे बोलता, तसे बोललात म्हणून कुणी हसले, तर मान खाली घालू नका. आणि माझ्या कळा कधी काढाव्याच लागल्या, तर काना सगळ्यात शेवटी काढा. तो सहजासहजी निघणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.